किती गुण, कोणते गुण?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांनी फोन करून विचारलं, "सर, विषय छापताना काही चूक झालीय का?" चूक झालेली नाही. आज आम्ही टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत; आणि त्यातही खेळ सुरू होण्याआधी जो एक कागद भरावा लागतो, त्या कागदाबद्दल. तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यात काय दिसलं, असं तुम्ही विचाराल. आम्हाला त्या कागदात आधी आमचाच पेशा दिसला, आणि नंतर आमची एक चूक दिसली. ती चूक पुढे सांगूच.

खेळ ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालतो. एक जण खेळ चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो: रात्र झाली आहे, शहराचा दरवाजा बंद आहे, वर पहारेकरी उभा आहे. बाकीचे प्रत्येकी एका पात्राचं काम करतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. ते साधेल की नाही याची शंका असली, तर फासा टाकायचा. फासा वीस बाजूंचा. पडलेल्या आकड्यात पात्राच्या कागदावरचा आकडा मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, तर काम फत्ते.

म्हणजे सगळा भार आला तो कागदावरच्या आकड्यावर. हा आकडा कसला, तर क्षमतेचा. मूळ क्षमता सहा: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा. नियमांच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत या सहा क्षमतांच्या हाताखाली अठरा कौशल्यं आहेत. त्यातली काही तुम्ही निवडता. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे, की हे निवडणारा माणूस नेमकं काय करत असतो?

आता मराठीत एक मोठी सोय आहे, आणि तीच गैरसोयही आहे. आपण 'गुण' म्हणतो तेव्हा सद्गुणही म्हणतो आणि परीक्षेतले मार्कही म्हणतो. "पोराचे गुण किती?" आणि "पोराचे गुण कोणते?" या दोन प्रश्नांत आपण एकच शब्द वापरतो. आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला या दोन प्रश्नांतलं अंतर कळायला हवं. पण पेपर तपासता तपासता 'किती'ची इतकी सवय लागते, की 'कोणते' हा प्रश्न मागे पडतो. या खेळाच्या कागदावर दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी छापलेले आहेत. म्हणून तो कागद आम्हाला वाचण्यासारखा वाटला.

प्रथम त्याचा इतिहास थोडक्यात बघू. 1974 च्या खेळात क्षमता निवडायच्या नव्हत्याच. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, जी बेरीज येईल ती पहिल्या क्षमतेची. पुन्हा टाकायचे, ती दुसरीची. असं सहा वेळा. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 18. अठरा पडण्याची शक्यता 216 मध्ये 1. म्हणजे आधी तुम्हाला माणूस मिळायचा आणि मग तुम्ही विचार करायचात, की या माणसाचं काय करता येईल. यात एक प्रकारचं शहाणपण होतं. आपणही असेच जन्माला येतो. ताकद आणि बुद्धी निवडून कुणी येत नाही.

पण जन्माचं हे शास्त्र पुढे वाकड्या वाटेनंही गेलं. 1978 च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत स्त्री-पात्रांच्या ताकदीवर नियमानंच मर्यादा घातली होती. पुरुषाच्या आकड्यापर्यंत स्त्रीला पोचताच येत नसे. ड्रॅगन आग ओकतो, मेलेला माणूस मंत्रानं उठतो, तेवढं चालतं. पण बाईच्या दंडात बळ आलेलं चालत नाही! 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला. वंशानुसार क्षमतांत वाढ देण्याची पद्धत मात्र 2014 पर्यंत मुख्य नियमांत टिकली. एल्फ जन्मतः चपळ, ड्वॉर्फ जन्मतः काटक. 2024 च्या पुस्तकात ती वाढ वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे त्यानं आधी काय काम केलं त्याला जोडली आहे. जन्मानं काय येतं आणि करण्यानं काय येतं, हा वाद कुठवर जातो ते आपल्या समाजात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. एका खेळाला त्यातून वाट काढायला पन्नास वर्षं लागली, एवढीच नोंद करू आणि पुढे जाऊ.

आता निवडीकडे येऊ. पाचव्या आवृत्तीत फासे नको असतील तर 27 गुण मिळतात आणि त्यांची खरेदी करायची. सहाही क्षमता 8 पासून सुरू होतात. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. पंधराच्या वर विकत मिळत नाही. हिशेब करायचा नसेल तर तयार संच घ्या: 15, 14, 13, 12, 10, 8. हे आकडे हव्या त्या क्षमतेपुढे लिहायचे. दहा म्हणजे साधारण माणूस, फाशात काही मिळवायचं नाही. आठ म्हणजे एक वजा. सोळा म्हणजे तीन अधिक.

ही पद्धत न्याय्य आहे, सगळ्यांना सारखं भांडवल मिळतं. पण तिच्यामुळे क्षमतेचं रूप बदलतं. ती मालमत्ता होते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निदान दोषांचा बाजार मांडत नाही. 1986 चा स्टीव्ह जॅक्सन यांचा 'गर्प्स' हा खेळ तोही मांडतो. तिथे चांगली गोष्ट घ्यायला गुण खर्च होतात आणि उणीव पत्करली की गुण परत मिळतात. आंधळेपण घ्या, गुण मिळवा, त्यातून तलवारबाजी विकत घ्या. आणि उणिवांच्या यादीत काय काय आहे? प्रामाणिकपणा आहे, सत्यवादीपणाही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही मोठ्यानं हसलो. मग लक्षात आलं, की खेळाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. प्रामाणिक माणसाच्या वाटा कमी होतात, म्हणून त्याला भरपाई. खेळ म्हणून हिशेब चोख आहे; माणसाबद्दलचं मत म्हणून तो भयंकर आहे. ही दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि अशा कागदाची समीक्षा करताना दोन्ही हातात धरावी लागतात.

आता त्या अठरा कौशल्यांची यादी बघा. क्षमतावार मोजली तर बुद्धीखाली पाच, शहाणपणाखाली पाच, करिश्म्याखाली चार, चपळाईखाली तीन, ताकदीखाली एक आणि काटकपणाखाली शून्य. सहन करणं हे या यादीत कौशल्य नाही. उपाशी राहूनही चालत राहणं, दुखणं अंगावर काढणं ही क्षमता आहे म्हणे, पण शिकायची गोष्ट नाही. आमच्या आईनं हे ऐकलं असतं तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. स्वयंपाकही यादीत नाही. तो अवजारांच्या यादीत आहे, सुतारकाम आणि लोहारकामाच्या शेजारी. म्हणजे इतिहास ठाऊक असणं हे कौशल्य; पंचवीस माणसांना जेवू घालणं म्हणजे भांड्यांची सवय. असे वर्ग पाडताना समाज स्वतःबद्दल खूप काही सांगून जातो.

आणि शहाणपण! बुद्धी आणि शहाणपण असे दोन रकाने बघून आम्हाला सुरुवातीला फार आनंद झाला. शिकलेला माणूस शहाणा असेलच असं नाही, हे अमेरिकेतल्या दोन खेळाडूंना कळलं होतं तर! पण 1974 च्या नियमांत या फरकाचं कारण अगदी व्यावहारिक आहे. जादूगाराला मुख्य गुण हवा होता, त्याला बुद्धी दिली. धर्मगुरूलाही एक हवा होता, त्याला शहाणपण दिलं. आणि आज शहाणपणाखाली काय येतं? आजूबाजूचं टिपणं, समोरच्याचा डाव ओळखणं, जनावरं हाताळणं, रानात तग धरणं, औषधोपचार. अ‍ॅरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, म्हणजे या क्षणी काय करणं योग्य आहे हे कळणं, ते यात नाही. पाचोळ्यातली सळसळ ऐकू येणाऱ्या शिकाऱ्याला हा कागद शहाणा म्हणतो. तो सावध आहे, एवढं आम्ही मान्य करू.

पण अ‍ॅरिस्टॉटलचं शहाणपण यादीत नाही, हा आम्ही दोष मानत नाही. ते असूच शकत नाही. का, ते आमच्या चुकीवरून सांगतो.

आमची नात मित्रमंडळींबरोबर रविवारी हा खेळ खेळते, आणि बहुतेक वेळा तीच तो चालवते. एका रविवारी एक गडी कमी होता, म्हणून आम्हाला बसवलं. आम्ही डोंगरी ड्वॉर्फ वंशाचा योद्धा घेतला. तयार संचातले आकडे मांडले. ताकदीला 15, वंशाचे 2 मिळून 17. काटकपणाला 14, वंशाचे 2 मिळून 16. उरलेल्यात 8 कुठे टाकायचा? करिश्म्यावर टाकला. योद्ध्याला बोलायचं काय काम! आमच्या शेजारी नातीचा एक मित्र होता. मुलगा बुद्धीनं तल्लख, पण बोलताना अडखळतो. चार माणसांत शक्यतो तोंड उघडत नाही. त्यानं बार्ड निवडला होता, म्हणजे गाणारा, गोष्टी सांगणारा. करिश्मा 17, त्यावर मन वळवण्याचं कौशल्य. मिळून पाच अधिक. आमचं त्याच बाबतीत एक वजा. पंधराचं लक्ष्य असेल तर त्याला शंभरात पंचावन्न वेळा यश, आम्हाला पंचवीस वेळा.

मघाचा तो दरवाजा आठवा. रात्र झालेली, वर पहारेकरी. मुलगा म्हणाला, "मी त्याला सांगतो की..." आणि अडकला. दोन-तीन क्षण गेले असतील. तेवढ्यात आम्ही सुरू झालो. चाळीस वर्षांची सवय! पहारेकऱ्याची आई, त्याचं गाव, आमच्यातला जखमी सोबती, आतिथ्याचा धर्म, सगळं चार वाक्यांत आणलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नात म्हणाली, "आजोबा, एवढं भारी बोललात, आता फासा कशाला टाकायचा?" दरवाजा उघडला. मुलगा आपला कागद बघत बसला होता.

रात्री आवराआवर करताना नातीच्या हातात आमचा कागद आला. ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा करिश्मा आठ आहे." आम्ही म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग दरवाजा कुणी उघडला?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. उत्तर स्पष्ट होतं. दरवाजा आमच्या योद्ध्यानं उघडला नव्हता. तो एका सेवानिवृत्त प्राध्यापकानं उघडला होता, आणि ज्यानं त्याच कामासाठी आपले मोलाचे आकडे खर्च केले होते त्याच्या हातून काम काढून घेऊन उघडला होता. त्याच खेळात आमच्या योद्ध्यानं एक लोखंडी फाटक उचललं होतं. तेव्हा "आजोबा, आधी हे कपाट उचलून दाखवा" असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर आज आम्ही इथे बसू शकलो नसतो! अंगच्या ताकदीला फासा पुरतो. वाणीच्या ताकदीला मात्र आपण खेळाडूचीच परीक्षा घेतो. हा पक्षपात पुस्तकाच्या नियमात नाही, तो टेबलाच्या रिवाजात आहे. आणि तो नेमका त्या माणसावर पडतो ज्यानं खेळात तरी बोलता यावं म्हणून बोलणारं पात्र घेतलेलं असतं.

आपल्याकडे क्षमतेबद्दल, म्हणजे 'शक्ती'बद्दल एक जुना वाद आहे. अग्नी जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर तोच अग्नी जाळत नाही, असं उदाहरण शास्त्रकार घेतात. अग्नी तर समोर आहे, मग काय गेलं? प्राभाकर मीमांसक म्हणतात, अग्नीत शक्ती नावाचा एक वेगळा पदार्थ असतो, त्यात व्यत्यय आला. नैयायिक म्हणतात, असला वेगळा पदार्थ मानायची गरज नाही. जाळण्याचं कारण नुसता अग्नी नाहीच. अग्नी आणि प्रतिबंधकाचा अभाव, दोन्ही मिळून कारण आहे. वर्गात हा वाद आम्ही किती वेळा शिकवला असेल! कळला मात्र त्या रात्री. कागदावरचे पाच अधिक हे मीमांसकांची शक्ती मानून चालतात, की ते पात्रात आहेतच. टेबलावर काय घडतं ते नैयायिक सांगतात. पाच अधिक तेव्हाच आहेत, जेव्हा प्रतिबंधक नाही. त्या रविवारी तो मणी आम्ही होतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. कौशल्य निवडणारा माणूस स्वतःचं वर्णन करत नसतो, आणि मालमत्ताही जमवत नसतो. तो इतरांकडे एक मागणं मांडत असतो: मला अशा प्रसंगात उभं करा, आणि तिथे माझं झेपेल की नाही ते माझ्या वाट्याला येऊ द्या. खेळ चालवणाऱ्याला कागदाकडे बघून कळायला हवं, की या मुलाला दरवाजापाशी बोलायचं आहे, त्या मुलीला काळोखात लपायचं आहे. ते मागणं पुरं झालं तरच निवडीला अर्थ.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. जुने खेळाडू म्हणतील, सगळं फाशावर सोडलंत तर माणसाच्या डोक्याला काम काय राहिलं? 1974 च्या खेळात शोधण्याचं कौशल्य नव्हतं. तुम्ही "गालिचा उचलून बघतो" म्हणायचात आणि खाली चोरदार सापडायचं. 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर हा वर्ग आला, त्याला कुलूप उघडायची, सापळे काढायची, आवाज न करता चालायची टक्केवारी मिळाली. आणि टक्केवारी एकाला मिळाली, की बाकीच्यांना वाटू लागलं, हे आपलं काम नव्हे. कौशल्याला नाव दिलं की ते इतरांच्या हातून जातं, ही तक्रार खरी आहे. लेखनिक नेमला की घरातले बाकीचे सही करायलाही कंटाळतात, तसं.

यावर आमचं उत्तर असं. काय करायचं हे खेळाडूनं ठरवावं. कसं जमलं हे पात्राच्या आकड्यानं ठरावं. पहारेकऱ्याला लाच देऊ करायची, की त्याच्या दयेला हात घालायचा, की वरिष्ठांचं नाव सांगून घाबरवायचं, हे खेळाडू सांगेल. त्या निवडीचा फायदा-तोटा त्याला मिळावा. नीट विचार केला असेल तर लक्ष्य पंधराऐवजी दहा करा. पण वाक्यं कशी वठली, आवाज कापला की नाही, ते फाशाला ठरवू द्या. गिल्बर्ट राइल यांनी 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये एखादी गोष्ट ठाऊक असणं आणि ती करता येणं यांत जो भेद केला, तो इथे कामाला येतो. करता येणं उसनं देता येतं. फासा ते देतो.

आणि म्हणूनच खरं शहाणपण यादीत असू शकत नाही. काय करावं हे ठरवणं खेळाडूकडेच राहतं. तेही फाशाला दिलं तर टेबलाभोवती बसायचं कारणच संपेल. बुद्धीचं तर आणखी अवघड. आठ बुद्धीच्या पात्राचा खेळाडू कोडं सोडवू शकतो आणि मुद्दाम गप्प बसू शकतो. हुशार नट मंद माणसाचं काम करतो तसं. उलट करता येत नाही. कागदावर अठरा बुद्धी लिहिल्यानं खेळाडूला कोडं सुटत नाही. फार तर फासा टाकून एखादी माहिती मिळते. वाणीची उसनवारी होते, बळाची होते, विचाराची होत नाही. ही खेळाची मर्यादा आहे आणि ती मान्य करून खेळावं.

दुसऱ्या खेळांनी याच प्रश्नाला वेगळी उत्तरं दिली आहेत. त्यांतली दोन सांगतो. पहिला 1977 चा, मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर'. इथे कौशल्य थेट निवडता येत नाही. तुम्ही अठराव्या वर्षी नौदलात, सैन्यात किंवा व्यापारी जहाजावर जाता. चार-चार वर्षांच्या नोकऱ्या. दर खेपेला फासा टाकून जगलात का ते बघायचं. मूळ नियमांत खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरू शकतं. जगलात तर कोणत्या तक्त्यावर फासा टाकायचा एवढं तुमच्या हाती, त्यातून काय शिकलात ते फासा सांगतो. आणखी चार वर्षं राहिलात तर आणखी कौशल्यं. पण चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपणाचे फासे सुरू होतात आणि ताकद उतरू लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा नियम वाचताना वेगळंच वाटतं. आपण वाट निवडतो, गुण वाटेत लागतात, आणि प्रत्येक गुणापाठी वर्षं जातात. आमच्या मते क्षमतेबद्दल या प्रकारच्या खेळांनी केलेलं हे सगळ्यात खरं विधान आहे.

दुसरा, सँडी पीटरसन यांचा 1981 चा 'कॉल ऑफ कथुलू'. यात ग्रंथालयात शोध घेणं हे कौशल्य आहे, त्यामुळे आम्ही लगेच वश झालो. कौशल्य वापरून यश आलं की त्यापुढे खूण करायची आणि नंतर फासा टाकायचा. पडलेला आकडा तुमच्या टक्केवारीहून मोठा असला तरच कौशल्य वाढतं. म्हणजे जितकं जास्त येतं, तितकं पुढचं शिकणं अवघड. वीणा वाजवूनच वीणावादक होता येतं, हे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं इथे नियम होऊन बसलं आहे. आणि एक ज्ञान असं आहे, त्या भयंकर देवतांचं, जे जितकं वाढेल तितकी मनाच्या स्थैर्याची कमाल मर्यादा खाली येते. प्रत्येक गुण फायद्याचाच असतो हे गृहीतक या खेळानं मोडलं.

आता, तुमच्यापैकी कुणी नातवंडांबरोबर बसणार असाल, तर आमच्या चुकीतून निघालेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली: आठ आधी लिहा, पंधरा नंतर. पंधरा कुठे लिहायचा हे सगळ्यांना सुचतं. आठ लिहिताना विचारा, की इथे फजिती झाली तर मला ती चालेल का, आणि मी ती होऊ देईन का? आम्ही करिश्म्यावर आठ लिहिला आणि फजिती होऊ दिली नाही. ती एक प्रकारची फसवणूकच झाली.

दुसरी: स्वतःला जे येतं त्यावरून कौशल्य निवडू नका, आणि ज्यात आकडा मोठा होतो त्यावरूनही नको. मनात एक प्रसंग आणा, ज्यात तुम्हाला असावंसं वाटतं. त्या प्रसंगाला जे लागतं ते घ्या. अठरा कौशल्यं पाठ करण्यापेक्षा हे सोपं आहे.

तिसरी: आपला कागद भरण्याआधी शेजाऱ्याचा वाचा. त्यानं जे मागितलं आहे ते आपणही घेतलं, किंवा न घेता करत सुटलो, तर त्याचा आकडा नुसता शाईचा राहतो.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो. आधीच सांगून टाकलं, की आमचा योद्धा घुम्या आहे, तो बोलणार नाही. पुन्हा एक नाकं आलं, पुन्हा पहारेकरी. मुलगा थोडा थांबला. नात त्याला म्हणाली, "भाषण नको करूस. तू त्याला काय देऊ करतोस, तेवढंच सांग." तो एका वाक्यात म्हणाला, "मी त्याला सांगतो की आम्ही त्याच्या घरी निरोप पोचवू." चांगला विचार होता, आम्हाला सुचला नसता. त्यानं फासा टाकला. चार पडले. चार आणि पाच नऊ. लक्ष्य दहा होतं. नाकं उघडलं नाही. आम्ही सगळ्यांनी ती रात्र पावसात, भिंतीला टेकून काढली, आणि काटकपणाचे फासे टाकत बसलो.

मुलगा हसत होता. एका गुणानं हुकलं म्हणून कपाळावर हात मारून घेत होता. आम्ही आयुष्यात पुष्कळ मुलांना एका गुणानं नापास केलं आहे. त्यातलं कुणी असं हसलेलं आठवत नाही. आम्ही त्यांना किती गुण मिळाले ते सांगत होतो. कोणत्या प्रसंगात उभं राहायचं आहे, हे त्यांना कधी विचारलं नव्हतं.

असो. वेळ झाली आहे.